वजनाचा काटा आणि घोटभर पाणी

स्पर्धांचा हंगाम सुरू झाला, की आमच्या विठ्ठलवाडीच्या दवाखान्यात एक निराळाच रुग्ण येऊ लागतो. वय चौदा ते वीस, अंगाने काटक. ताप नाही, खोकला नाही. ओठ सुकलेले, डोळे किंचित खोल गेलेले आणि तोंडी एकच प्रश्न, "डॉक्टर, दोन दिवसांत दोन किलो कसं कमी करता येईल?" पोट सुटलेल्या गृहस्थांनी असे विचारले तर समजू शकते. पण ज्याच्या बरगड्या मोजता येतात, त्या मुलाने हा प्रश्न विचारला म्हणजे नव्या डॉक्टरला कोडे पडेल. जुन्याला पडत नाही. पोरगा मुष्टियुद्ध, कुस्ती, ज्युदो किंवा तायक्वांदो खेळतो आणि त्याला 'गटात बसायचे' आहे, हे त्याने सांगण्याआधीच कळते.

कल्याणपासून उल्हासनगर, अंबरनाथपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात या खेळांचे वर्ग आता पुष्कळ झाले आहेत. मुलीही येतात. या खेळांना माझा मुळीच विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. संध्याकाळी मोबाइल घेऊन जिन्यात बसण्यापेक्षा पोराने तासभर दोरीवरच्या उड्या मारलेल्या केव्हाही चांगल्या. माझे म्हणणे आहे ते स्पर्धेच्या आधीच्या दोन दिवसांबद्दल. त्या दोन दिवसांत घरोघरी जे चालते, ते आईबापांना पुरते ठाऊक नसते आणि ठाऊक असले तरी 'खेळाचा नियमच तसा असेल' म्हणून ते गप्प राहतात.

फेदरवेट म्हणजे नेमके किती?

'फेदर' म्हणजे पीस. पिसासारखा हलका तो फेदरवेट, असे हे नाव पडले. मुष्टियुद्धात ही मर्यादा ५७ किलो आहे. पैशासाठी खेळल्या जाणाऱ्या व्यावसायिक मुष्टियुद्धात ती १२६ पौंड, म्हणजे ५७ किलो आणि वर साधारण दीडशे ग्रॅम धरतात. ऑलिंपिकमध्ये हा गट १९०४ सालापासून आहे. २०१२ च्या लंडन स्पर्धेत पुरुषांचा फेदरवेट वगळला होता, तो टोकियोला परत आला आणि तेथेच मुलींसाठीही ५७ किलोचा गट प्रथम सुरू झाला. आपल्याकडे या गटात चांगले खेळाडू आहेत. निजामाबादच्या महंमद हुसामुद्दीनने २०२३ साली जागतिक स्पर्धेत ब्राँझपदक मिळवले आणि २०२५ मध्ये लिव्हरपूलला जास्मिन लॅम्बोरियाने मुलींच्या ५७ किलो गटात जागतिक सुवर्णपदक जिंकले.

मात्र नाव एक असले तरी आकडा सगळीकडे एक नाही. मिश्र मार्शल आर्ट्सच्या पिंजऱ्यातला फेदरवेट १४५ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ६६ किलोचा असतो. पन्नासच्या दशकातील कुस्तीत फेदरवेट ६२ किलोचा होता. तेव्हा मुलाने घरी येऊन "मी फेदरवेट" असे अभिमानाने सांगितले, तर कोणत्या खेळात आणि किती किलो, एवढे जरूर विचारून घ्यावे.

हे गट पाडले कशासाठी? जत्रेतल्या कुस्तीत काटा नसतो. वस्ताद मंडळी दोन्ही पैलवानांना नजरेने तोलतात, खांदा-मांडी पाहतात आणि जोड लावतात. त्या नजरेत पिढ्यांचा अनुभव असतो, पण ती चुकूही शकते आणि ओळखीपाळखीने हलूही शकते. काटा हलत नाही. पंचाहत्तर किलोच्या माणसाचा ठोसा ५५ किलोच्या माणसाच्या जबड्यावर बसला, तर कौशल्याला फारसा अर्थ राहत नाही. म्हणून वजनाचे गट आले. लहान चणीच्या माणसाला सांभाळून खेळता यावे, हा त्यांचा मूळ हेतू. डॉक्टर म्हणून मला तो शंभर टक्के पटतो.

पण माणूस नियमातून वाट काढतोच. माझे शरीर ६० किलोचे आहे, पण मोजणीच्या एका मिनिटापुरते ते ५७ चे करता आले तर समोरचा खराखुरा ५७ किलोचा प्रतिस्पर्धी माझ्यापेक्षा लहान मिळेल, हा तो हिशेब. समोरच्यानेही तोच हिशेब केलेला असतो. म्हणजे दोघेही साठ-साठचे, दोघेही सुकलेले आणि शेवटी दोघांपैकी कोणालाच काही फायदा नाही.

कमी होते ते वजन कशाचे?

तरुण पुरुषाच्या शरीरात साधारण साठ टक्के पाणी असते. ५७ किलोच्या मुलात ते ३४ लिटरच्या आसपास भरते. यातले दोन तृतीयांश पेशींच्या आत. उरलेल्यातही रक्तातला पातळ भाग जेमतेम अडीच-तीन लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काट्याला चरबी आणि पाणी यांतला फरक कळत नाही. एक किलो चरबी झिजवायला दोन-तीन आठवडे पथ्य आणि व्यायाम लागतो. एक किलो पाणी मात्र आपल्या मे महिन्यात तासाभराच्या धावण्यात निघून जाते. दोन दिवसांत उतरणारे वजन हे प्रामुख्याने पाण्याचे असते.

थोडा वाटा आणखी एका गोष्टीचा. आपले स्नायू आणि यकृत साखरेचा साठा करून ठेवतात, सगळा मिळून चारपाचशे ग्रॅम. हा साठा प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतो. भात-पोळी बंद केली की साठा संपतो, त्याबरोबर पाणीही जाते आणि दीडएक किलो उतरल्यासारखे दिसते. पण हीच साखर रिंगणात तिसऱ्या फेरीत लागणार असते. पोरगा गटात बसतो, पहिली फेरी जोरात खेळतो आणि तिसऱ्या फेरीत त्याचे हात खाली येतात. प्रशिक्षक ओरडतात, "हात वर ठेव!" हात वर ठेवायला लागणारे इंधन त्याने दोन दिवसांपूर्वीच टाकून दिलेले असते.

शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेले, की दम आणि चपळता कमी होऊ लागते. सत्तावन्न किलोच्या मुलाला दोन टक्के म्हणजे सव्वा लिटरसुद्धा नाही. त्यापुढे रक्त दाटते, हृदय जोरात धावू लागते, त्वचेकडे जाणारे रक्त कमी होते. त्वचेकडे रक्त गेले नाही की आतली उष्णता बाहेर पडत नाही. घाम हा आपला पंखा आहे, पण तो वाळला तरच गारवा देतो. आपल्या ठाणे जिल्ह्याची हवा दमट. येथे घाम वाळण्याऐवजी निथळतो. त्यात ही मुले अंगात रेनकोट किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालून, वरून स्वेटर चढवून धावतात. उन्हाळ्यात भर दुपारी रेनकोट घालून धावणारा मुलगा मी रस्त्यावर पाहिला आहे. लोक हसत होते. मला हसू आले नाही. प्लॅस्टिकच्या आत घाम येतो भरपूर, पण वाळत अजिबात नाही. वजन उतरते आणि अंगातली उष्णता मात्र चढत राहते. ती चाळीस अंशांच्या पुढे गेली, की त्याला उष्माघात म्हणतात.

ही निव्वळ पुस्तकी भीती नाही. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, सहा आठवड्यांच्या आत, महाविद्यालयीन कुस्तीतले तीन तरुण असेच गेले. तिघेही गरम खोलीत, घाम न वाळू देणारे कपडे घालून व्यायाम करत होते आणि पाणी तोडले होते. त्यांना कोणी मारले नाही, ते मॅटवर पडले नाहीत. स्पर्धेआधीच्या वजनाने ते गेले. त्यानंतर तेथील नियम बदलले. वजन उतरवण्यासाठी वाफेची खोली आणि प्लॅस्टिकचे कपडे यांवर बंदी आली, मोजणी लढतीच्या जवळ आणली गेली आणि हंगामाच्या आरंभीच खेळाडूची लघवी आणि चरबी तपासून 'याच्या खाली तुला जाता येणार नाही' असा किमान आकडा ठरवला जाऊ लागला. २०१५ साली फिलिपाइन्समध्ये यांग जियान बिंग हा चिनी खेळाडू वजन उतरवताना गेला, तेव्हा वय होते एकवीस. त्या स्पर्धेच्या संयोजकांनीही पुढे शरीरातल्या पाण्याची तपासणी सक्तीची केली. दोन्ही ठिकाणी नियम आले ते जीव गेल्यावर.

पॅरिसचे शंभर ग्रॅम

शंभर ग्रॅम म्हणजे काय, हे २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या देशात लहान पोरालाही कळले. विनेश फोगट मूळची ५३ किलोत खेळणारी. पॅरिसला ती ५० किलोत उतरली. पहिल्या सकाळी वजन बरोबर भरले, त्या दिवशी तीन लढती जिंकून ती अंतिम फेरीत गेली. दिवसभरात खाणे-पिणे झाले, वजन ५२ च्या पुढे गेले. ७ ऑगस्टच्या सकाळी पुन्हा मोजणी होती. रात्रभर व्यायाम झाला, वाफ झाली, केससुद्धा कापले. तरी काटा शंभर ग्रॅमने वरच राहिला आणि ती स्पर्धेतून बाद झाली.

त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतने ५७ किलोत ब्राँझपदक घेतले. उपांत्य लढतीनंतर त्याचे वजन साडेएकसष्ट किलोच्या घरात होते. दहा तासांत ४ किलो ६०० ग्रॅम उतरवून तो काट्यावर चढला. वर्तमानपत्रांतून त्याच्या जिद्दीचे कौतुक झाले. ते रास्तच होते. पण त्या बातम्या वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण पुढच्या हंगामात आमच्याकडची मुले "अमनने केलं, मी का नाही?" म्हणत येणार हे उघड होते. अमनच्या मागे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि रात्रभर जागणारे प्रशिक्षक होते. आमच्या पोराच्या मागे असतो त्याचा मित्र आणि मोबाइलवरची चित्रफीत. आणि अमनलाही हे दरवेळी जमले नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत त्याचे वजन १ किलो ७०० ग्रॅम जास्त भरले आणि त्याला एकही लढत खेळता आली नाही. ही बातमी मात्र आमच्या मुलांपैकी फार थोड्यांनी वाचली होती.

असाच एक मुलगा दोन वर्षांपूर्वी रात्री साडेआठला दवाखान्यात आला. वय सतरा. बरोबर मामा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुष्टियुद्धाची निवड चाचणी होती, गट ५७ किलो. दहा दिवसांपूर्वी याचे वजन ६० किलो ४०० ग्रॅम होते.

"डॉक्टरसाहेब, सातशे ग्रॅम राहिलंय," मामा म्हणाले. "लघवी होण्याची एक गोळी द्या. पोराचं काम होईल."

मी मुलाला विचारले, "शेवटचं पाणी कधी प्यायलास रे?"

"काल दुपारी. नंतर नुसती चूळ भरली."

चूळ भरायची आणि थुंकायची. आवळा सुपारी चघळायची, सुटलेली लाळ बाटलीत थुंकायची. असे तीस तास. शर्टाच्या आत दुकानातल्या काळ्या पिशवीचा तुकडा तसाच होता. झोपवून नाडी पाहिली, ९६. उभा केला तर १३० च्या पुढे गेली आणि त्याला टेबल धरावे लागले. पोटऱ्यांत गोळे येत होते. लघवी सकाळपासून झाली नव्हती, आणि मामा मागत होते ती लघवीची गोळी!

ही गोळी हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना आम्ही देतो. ज्याच्या अंगात पाणी साठले आहे त्याच्यासाठी ती आहे. सुकलेल्या मुलाला ती दिली तर उरलेल्या पाण्याबरोबर पोटॅशियम नावाचा क्षारही निघून जातो, आणि हृदयाचे ठोके नियमित पडायला तो क्षार लागतो. शिवाय या गोळ्या उत्तेजकविरोधी नियमांत बंद आहेत. लघवीच्या तपासणीत सापडल्या तर खेळाडूवर बंदी येते. मी मामांना हे सगळे सांगितले. त्यांना त्यातले सातशे ग्रॅम तेवढे ऐकू येत होते.

गोळी दिली नाही. मुलाला आडवे केले, पंखा लावला आणि जलसंजीवनी घोटघोट सुरू केली. अडीच तासांत दीड लिटर गेले. अकराच्या सुमारास लघवी झाली, गडद पिवळी. तोवर त्याची आई आली होती. तिला तीस तासांचे काही माहीत नव्हते. 'स्पर्धेचं टेन्शन आहे, म्हणून जेवत नाही' असे तिला वाटत होते. मामा जाताना म्हणाले, "तुम्ही त्याचं वर्ष घालवलंत." यावर मी काही बोललो नाही, बोलण्यासारखी ती वेळ नव्हती. पुढच्या वर्षी मुलगा ६० किलोच्या गटात उतरला. पहिली लढत जिंकला, दुसरी गुणांवर हरला. तिन्ही फेऱ्या उभा राहून खेळला, एवढे मला त्याच्या आईकडून कळले.

वरच्या गटात गेलेले

वरच्या गटात जायचे म्हटले की मुलांचे चेहरे पडतात. तेथे मोठी पोरे असतात, आपण मार खाऊ, असे त्यांना वाटते. त्यांना मी आपल्याच महाराष्ट्रातले पैलवान सांगतो.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ऑलिंपिकमध्ये खेळले ते ५२ किलोच्या गटात. सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ते ५७ किलोत उतरले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. मुष्टियुद्धात ज्या ५७ ला फेदरवेट म्हणतात, त्याला त्या काळच्या कुस्तीत बँटमवेट म्हणत. म्हणजे पदक आले ते पाच किलो वरच्या गटात. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचे के. डी. माणगावे फेदरवेटमध्ये, म्हणजे ६२ किलोत खेळले आणि चौथे आले. ब्राँझ एका पायरीने हुकले. खाशाबाही के. डी.च. दोन के. डी. एकाच स्पर्धेत, एक तिसरा आणि एक चौथा. यातले एकच नाव आपल्या लक्षात राहिले, हे माणगावेंचे दुर्दैव.

अलीकडचे उदाहरण राहुल आवारेचे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा हा मल्ल ५७ किलोत खेळायचा. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्या गटात त्याने सुवर्णपदक मिळवले. दुसऱ्याच वर्षी तो ६१ किलोत गेला आणि जागतिक स्पर्धेतले ब्राँझपदक आणले. फिलिपाइन्सचा मॅनी पॅकियाव याची गोष्ट तर मुलांना फारच आवडते. १९९९ साली ११२ पौंडांच्या गटातला जागतिक किताब त्याने ठोसा न खाता गमावला, कारण मोजणीत वजन जास्त भरले. मग त्याच सुकलेल्या अंगाने लढतीला उभा राहिला आणि तिसऱ्या फेरीत खाली पडला. त्यानंतर तो वरच्या गटांत गेला. २००३ मध्ये फेदरवेटमध्ये मार्को अँतोनियो बारेराला त्याने हरवले आणि पुढे आठ निरनिराळ्या वजनगटांत जगज्जेता झाला.

वर जाऊन प्रत्येकाला पदक मिळते असे मी म्हणत नाही. या सगळ्यांची मेहनत निराळी, काळ निराळा. पण अठराव्या वर्षापर्यंत मुलाची हाडे वाढतात, खांदे भरतात. या वयात वजन वाढणे हा शरीराचा हक्क आहे. गेल्या वर्षीच्या गटात यंदाही बसायचे म्हणून त्याला उपाशी ठेवणे, म्हणजे गेल्या वर्षीचा शर्ट होत नाही म्हणून पोराला कापण्यासारखे आहे.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, मुलाचे खरे वजन माहीत हवे. पूर्वी मुंबईच्या लोकल स्थानकांवर रंगीत दिव्यांची वजनयंत्रे असत. नाणे टाकले की जाड कागदाचे तिकीट पडे, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. त्यातले भविष्य जास्त भरवशाचे, असे आमचे एक स्नेही म्हणत. आता घरगुती काटे स्वस्तात मिळतात. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी, एकाच काट्यावर सात दिवस वजन करून वहीत लिहावे आणि सरासरी काढावी. ते खरे वजन. व्यायामानंतर केलेले वजन वहीत लिहू नये, ते घामाचे असते.

अठराच्या आतल्या मुलाने खऱ्या वजनाला जो गट लागतो त्यातच खेळावे. चारपाचशे ग्रॅमचा प्रश्न असेल तर वडापाव, फरसाण, बिस्किटे आणि बाटलीतली गोड पेये महिनाभर बंद केली तरी तो सुटतो. डाळ, उसळ, अंडी, दूध, भाकरी यांतले काही तोडू नये. वयाने मोठ्या खेळाडूच्या अंगावर खरोखरच चरबी असेल तर आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरवू नये. साठ किलोच्या माणसाला हे ९०० ग्रॅम होतात. म्हणजे साठवरून सत्तावन्नवर यायला किमान चार आठवडे हवेत. दोन दिवसांत होणारे काम हे नाही.

मोजणी झाल्यावर अनेक जण धावत येतात, "एक बाटली सलाईन लावा, ताकद येईल." आपल्याकडे सलाईनवर लोकांचा भारी विश्वास. तोंडाने पिता येत असताना त्याची गरज नसते. शिवाय रुग्णालयातल्या योग्य उपचाराखेरीज बारा तासांत शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन शिरेतून घेणे हेही खेळाडूंना नियमाने बंद आहे. त्यापेक्षा एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोटघोट प्यावे. दहीभात, केळे खावे. घटाघटा दोन लिटर पाणी पिऊ नये, उलटून पडते. आणि एका रात्रीत सारे भरून निघते अशी समजूत ठेवू नये. फार सुकलेल्या शरीराला पूर्ववत व्हायला एक-दोन दिवस लागतात. डोक्यावर ठोसे बसणाऱ्या खेळात हे अधिकच महत्त्वाचे. सुकलेल्या अवस्थेत मेंदूला इजा होण्याचा धोका वाढत असावा, असा पुष्कळ तज्ज्ञांचा कयास आहे. तसेच या काळात अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नयेत. कोरड्या शरीरात त्या मूत्रपिंडांवर घाव घालतात.

मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या, अंग भाजल्यासारखे गरम लागले, किंवा लघवी चहाच्या काढ्यासारखी तांबूस-काळी झाली, तर रिक्षाची वाट पाहत बसू नये. तेथल्या तेथे कपडे काढून अंगावर गार पाणी ओतावे, पंखा धरावा, काखेत-जांघेत बर्फ ठेवावा आणि हे चालू ठेवूनच रुग्णालय गाठावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

जाता जाता एका पत्राचे उत्तर. सोळा वर्षांच्या मुलीच्या आईने लिहिले आहे की मुलगी कुस्तीचा सराव करते, ५० किलोच्या गटासाठी रात्रीचे जेवण सोडले आहे आणि चार महिने पाळी आलेली नाही. मुलगी म्हणते, सरावामुळे असे होतेच. ताई, सराव जास्त आणि अन्न कमी झाले की शरीर आधी पाळी थांबवते, आणि ती बराच काळ थांबली तर हाडे कमकुवत होतात. पण पाळी थांबण्याची दुसरीही कारणे असतात, म्हणून आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. रात्रीचे जेवण आजपासून सुरू करा. तिचे वजन ५० च्या वर जाईल, तर जाऊ द्या. येताना सात दिवसांच्या वजनाची वही आणि तिच्या प्रशिक्षकांना बरोबर घेऊन या. मंगळवारी संध्याकाळी दवाखान्यात गर्दी कमी असते.